ग्वाल्हेरच्या हवेत कार्ब्युरेटर: जेट ठरवायचा तो जानेवारीसाठी

ग्वाल्हेरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो आणि जानेवारीच्या धुक्यात पहाटे ५ अंशांपर्यंत उतरतो. या दोन टोकांमध्ये हवेच्या घनतेत सुमारे १४ टक्क्यांचा फरक पडतो. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण या घनतेच्या वर्गमुळाने बदलतं, म्हणून मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधलं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातलं, मिश्रण साधारण ७ टक्के इकडेतिकडे होतं. एकाच जेटवर तीच गाडी मेमध्ये रिच चालते, म्हणजे पेट्रोल जास्त. आणि जानेवारीत लीन, म्हणजे पेट्रोल कमी. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक भरून काढतो. कार्ब्युरेटरमधला जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं, पितळेला पाडलेलं एक भोक, ते ऋतू पाहून लहानमोठं होत नाही.

आपल्याकडे बरेच मिस्त्री नेमकं उलट करतात. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून जेट मोठा, थंडीत तो परत लहान. उन्हाळ्यात हवा विरळ होऊन मिश्रण आपोआपच रिच झालेलं असतं. त्यात मोठा जेट घातला की एव्हरेज पडतो आणि प्लग काळा होतो. धोका असतो तो थंडीतल्या लीन मिश्रणाचा. जेट ठरवायचा तो थंड पहाटेसाठी, मग उन्हाळ्यात थोडं रिच चाललं तरी इंजिनाचं काही बिघडत नाही. ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे, त्यामुळे उंचीसाठी जेट बदलण्याचा प्रश्न इथे येत नाही.

मिश्रण लीन होण्याचं दुसरं कारण पेट्रोलचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला आणि नव्या मोटारसायकली जवळपास सगळ्या इंजेक्शनच्या झाल्या. त्याआधी ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात घेतलेल्या स्प्लेंडर, पल्सर, बुलेट अजून शहरातल्या लष्कर-मुरार भागांच्या गल्ल्यांतून पळतात, पण त्यांचे जेट निव्वळ पेट्रोल किंवा फार तर १० टक्के इथेनॉल धरून बसवलेले आहेत. निव्वळ पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला १४.१ पट आणि आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआपच ४ ते ८ टक्के लीन झाली आहे. थंडीचा फरक त्यात मिळवा, की डिसेंबरात गाडी चोकशिवाय का हलत नाही हे लक्षात येतं.

पण जेटला हात लावण्यापूर्वी

निम्म्याहून जास्त 'कार्ब्युरेटरच्या' तक्रारी कार्ब्युरेटरच्या नसतात. इथल्या धुळीत एअर फिल्टर आधी बघा. कागदी फिल्टर हलक्या हाताने आपटून किंवा आतून बाहेर हवा मारून साफ करायचा, त्याला तेल लावायचं नाही. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, फिल्टरचं तेल लावून पिळायचा. टॅपेट, म्हणजे झडपांची फट, थंड इंजिनावर, गाडीच्या पुस्तकातल्या मापाने. प्लगचा गॅप पुस्तकाप्रमाणे. चोकची केबल पूर्ण परत येते का ते पाहा. एक-दोन मिलिमीटर अडकलेला चोक गाडीला कायम रिच ठेवतो आणि सगळा दोष बिचाऱ्या जेटवर जातो. ब्रेक घासत असेल तर एव्हरेजचा हिशोबच चुकतो, म्हणून गाडी स्टँडवर घेऊन दोन्ही चाकं हाताने फिरवून पाहा.

हवेची गळती हा वेगळाच शत्रू. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधला मॅनिफोल्ड आणि त्याची ओ-रिंग उन्हाने कडक होते, चिरते. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता चालू, ठेवून त्या जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. यासाठी कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे वापरणारे पुष्कळ आहेत. तापलेल्या सायलेंसरजवळ तो पेटतो, पाण्याने काम भागतं. गळती असताना मिक्सचर स्क्रू (स्लोचं मिश्रण कमीजास्त करणारा) कितीही फिरवा, स्लो स्थिर राहणार नाही.

काही चार-स्ट्रोक गाड्यांत एक बारीक नळी सायलेंसरच्या वाटेत ताजी हवा सोडते, धूर कमी व्हावा म्हणून. थ्रॉटल (रेस) सोडल्यावर सायलेंसरमधून येणारे फटाके बऱ्याचदा तिच्यामुळेच येतात. ट्यूनिंगपुरती ती नळी चिमट्याने दाबून बंद करा. नाहीतर मिश्रण ठीक असूनही ते लीन वाटतं आणि तुम्ही उगाच पायलट, म्हणजे स्लोचा, जेट मोठा करत बसता.

कोणता कार्ब्युरेटर, कोणता आकडा

स्प्लेंडर, आरएक्स-१००, जुनी बुलेट यांत थ्रॉटलची केबल थेट स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारा सरकता तुकडा, उचलते. पल्सरच्या बहुतेक मॉडेलांत आणि नंतरच्या ३५० सीसी बुलेटमध्ये केबल फक्त फुलपाखरू झडप उघडते. स्लाइड वर जाते ती रबरी पडद्यावरच्या हवेच्या ओढीने. दोन्हींत जेट तेच: पायलट, मेन आणि मधली सुई. कोणता भाग कधी काम करतो हे पक्कं ध्यानात ठेवा. थ्रॉटल बंद ते एक अष्टमांश उघडला असेपर्यंत पायलट जेट आणि मिक्सचर स्क्रू. तिथून पाव थ्रॉटलपर्यंत, केबलने उचलणाऱ्या स्लाइडमध्ये, तिचा तिरपा काप. पाव ते पाऊण थ्रॉटल सुई. त्यापुढे मेन जेट. हद्दी काटेकोर नसतात, एकमेकींत मिसळतात. ग्रिपवर आणि हँडलवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक-एक तुकडा लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. 'मध्येच मिसिंग मारते' ही तक्रार मग 'अर्ध्या थ्रॉटलवर मिसिंग मारते' होते आणि हात लावायचा भाग लगेच ठरतो.

जेटवरच्या आकड्यांनी पुष्कळ जण फसतात. मिकुनी आणि केहिन या कार्ब्युरेटरच्या दोन कंपन्या. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो. केहिनच्या जेटवर भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. त्यामुळे मिकुनीचा १०० आणि केहिनचा १०० हे सारखे नाहीत. पेट्रोल ४ टक्के वाढवायचं असेल तर मिकुनीत १०० वरून १०२.५ किंवा १०५ करावा लागतो. केहिनमध्ये क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून १०० वरून १०२ वर गेलं की तेवढी वाढ झाली. १०५ घातला तर ती १० टक्क्यांवर जाते. केहिनमध्ये दोन-दोन आकड्यांनी चढा, पाचची उडी नको.

भोक ड्रिलने मोठं करून देणारे आणि मोठं झालेलं डाख लावून बुजवून देणारे, दोन्ही प्रकारचे कारागीर आपल्या शहरात आहेत. दोघांना नमस्कार करून पुढे चला. ड्रिलने कडा फाटतात, भोकाचं तोंड बिघडतं आणि आकड्याला काही अर्थ उरत नाही. नवे जेट घेताना कंपनीचे घ्या, मूळच्या आकड्याचा एक आणि त्यावरचे दोन. खोक्यावर १०२ लिहिलेला नकली जेट आतून ९८ असू शकतो.

उघडताना

जागा उघडी हवी. लष्करातल्या वाड्याच्या बंद बोळात किंवा जिन्याखाली पेट्रोलची वाफ साचते. जवळ कूलर, इन्व्हर्टर, देवघरातली समई काहीही नको. इंजिन पूर्ण थंड असू द्या.

पेट्रोलचा कॉक बंद करा. कटोरीच्या, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, तळाचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवून घ्या आणि बाटली स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसले तर अर्धं निदान तिथेच झालं: इथेनॉल ओल शोषतं, आणि पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी खाली बसतं. अशा वेळी टाकीही धुवावी लागते. त्याशिवाय जेट बदलणं फुकट.

मग थ्रॉटलचं टोपण उघडून स्लाइड बाहेर घ्या, नळ्या काढा, मॅनिफोल्डचे आणि फिल्टरच्या बाजूचे क्लिप ढिले करा, कार्ब्युरेटर काढा. पल्सरच्या काही कार्ब्युरेटरांना वायरचा सॉकेट असतो. तो ओढून तोडू नका, आधी त्याची कळ दाबा. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा, नळ्यांचा तर नक्कीच.

कटोरीचे स्क्रू मऊ धातूत घट्ट बसलेले असतात. डोक्यात नेमका बसणारा पेचकस घ्या, जोर खाली दाबण्यात लावा, फिरवण्यात कमी. डोकं घसरलं तर पुढचा तासभर त्यातच जातो. जेटची खाच पितळेची, तिला पूर्ण रुंदीचा चपटा पेचकस हवा.

मिक्सचर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा आणि किती वाटे (पूर्ण फेरे) फिरला ते लिहून ठेवा. तो गच्च आवळला तर टोकाला वळ पडतो आणि पुढे कधीच नीट ट्यून होत नाही. काढताना आतल्या स्प्रिंग, वॉशर आणि ओ-रिंग मोजून घ्या; ही बारकी ओ-रिंग भोकातच चिकटून राहते आणि तिच्यावर क्लीनर मारला की फुगते.

साफसफाई

जेट उजेडाकडे धरून पाहा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. केहिनचा ३८ नंबरचा पायलट जेट म्हणजे ०.३८ मिलिमीटरचं भोक. त्यात वाळलेल्या पेट्रोलचा पापुद्रा दिसतही नाही, पण स्लो त्यानेच जातो. क्लीनरमध्ये तासभर भिजवा, मग हवा मारा. पंक्चरवाल्याकडची हवा चालते, फक्त आधी तिच्यातलं पाणी फुंकून घालवा. तार घालायचीच तर तांब्याच्या वायरमधला एक सुटा तंतू किंवा मासे धरायची नायलॉनची दोरी. टाचणी, गिटारची तार, सायकलचा स्पोक हे काही नको.

मेन जेट ज्यात बसतो त्या नळीच्या बाजूला बारीक भोकं असतात. ती सगळी मोकळी हवीत. कार्ब्युरेटरच्या अंगातल्या वाटाही हवेने तपासा: मिक्सचर स्क्रूच्या भोकात हवा मारली की ती मॅनिफोल्डच्या तोंडाशी बारीक छिद्रांतून निघाली पाहिजे. डोळ्यावर चष्मा असू द्या, क्लीनर उलटा उडतो.

रबरी पडदा असेल तर त्याला क्लीनरचा थेंबही लागू देऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. उजेडासमोर ताणून टाचणीएवढं भोक आहे का पाहा. बसवताना त्याची जीभ खाचेत बसली पाहिजे. मग स्लाइड बोटाने उचलून सोडा. ती हळूहळू खाली आली पाहिजे. धपकन पडली तर पडदा फाटलाय किंवा कडेने हवा घेतोय, आणि मग वरच्या थ्रॉटलवर गाडी ओढणार नाही, कितीही मोठा जेट घाला.

फ्लोटची पातळी

हा टप्पा लोक सर्रास टाळतात, आणि मग महिनोन्‌महिने जेट बदलत बसतात. फ्लोट म्हणजे कटोरीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा. पातळी दोन मिलिमीटर वर असेल तर सगळ्या थ्रॉटलवर थोडं-थोडं रिच, खाली असेल तर सगळीकडे लीन. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक पाहा. त्यावर गोल वळ पडला असेल तर सुई बदला, नाहीतर ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत राहील.

मापण्यासाठी कार्ब्युरेटर तिरपा धरा, इतकाच की फ्लोटची पट्टी सुईच्या टोकाच्या स्प्रिंगला जेमतेम टेकेल, ती दाबणार नाही. कटोरीच्या गॅस्केटची जागा ते फ्लोटचा सगळ्यात उंच भाग, हे अंतर पुस्तकातल्या आकड्याशी जुळवा. पितळी पट्टी असेल तर किंचित वाकवता येते. प्लास्टिकची वाकवू नका, फ्लोट बदला. बसवून झाल्यावर खात्रीसाठी कटोरीच्या निचऱ्याच्या नळीला पारदर्शक नळी लावा, तिचं तोंड वर धरा, स्क्रू ढिला करा आणि कॉक उघडा. नळीतलं पेट्रोल कटोरीच्या जोडाच्या जवळपास थांबतं. नेमकं किती खाली हवं, तेही पुस्तकात असतं.

ट्यूनिंगचा क्रम

आधी मेन जेट, मग पायलट, शेवटी सुई. मधल्या थ्रॉटलचं पेट्रोलही मेन जेटमधूनच येतं, म्हणून सुई आधी लावली तर मेन बदलल्यावर ती पुन्हा लावावी लागते. एका वेळी एकच गोष्ट बदला. सुरुवात मूळ मेन जेटपेक्षा एका पायरीने मोठ्या जेटवर करा. २० टक्के इथेनॉलवर बहुतेक गाड्या तिथेच सुधारतात. जेट आवळताना पितळ आहे हे विसरू नका, टेकल्यावर जेमतेम आठवा भाग पुरे.

मेन जेटची चाचणी रिकाम्या सरळ रस्त्यावर, पहाटे. शिवपुरीकडे जाणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्यावर शहर सुटल्यावर अशी जागा मिळते. हेल्मेट, पूर्ण बाह्या, मागे कोणी नको. इंजिन नीट तापवून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या आणि मग किंचित, अगदी आठवा भाग, सोडा. सोडताक्षणी गाडीने उलट थोडी ओढ घेतली तर मेन लीन आहे, एक पायरी मोठा घाला. सोडल्यावर जराशी मंदावली तर ठीक. पूर्ण थ्रॉटलवर भुडभुड करत अडखळत असेल तर रिच.

प्लग वाचायचा तर नव्या प्लगवर १५-२० सेकंद पूर्ण थ्रॉटल, मग क्लच दाबून इंजिन बंद आणि गाडी तशीच लोळवत थांबवा. किल-स्विच नसेल तर चावी फक्त बंदवर आणा, लॉककडे नेऊ नका. आजच्या पेट्रोलवर जुन्या काळचा विटकरी रंग मिळत नाही. चीनी मातीच्या अगदी मुळाशी, आत, फिकट तपकिरी कडं दिसतं का ते पाहा. सगळं पांढरं आणि कडेला चमकते ठिपके असतील तर थांबा, ते लीनचं लक्षण आहे. घरापर्यंत शहरातून आलेल्या गाडीचा प्लग मात्र स्लोचा हिशोब सांगतो, मेन जेटचा नाही.

पायलटचं काम घरासमोरच होतं. पाच किलोमीटर फिरून या, स्लोचा स्क्रू थोडा चढवा. मिक्सचर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा आहे: बाहेर फिरवला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा: बाहेर फिरवला की लीन. सुरुवात दीड वाट्यावर. आता पाव-पाव वाटा फिरवत, दर वेळी दहा सेकंद थांबत, आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा कुठे होतो ते शोधा. तिथून पाव वाटा रिचकडे, आणि थांबा. स्लो पुन्हा पुस्तकाप्रमाणे. १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत मिनिटाला साधारण १४०० फेरे, बुलेटमध्ये १००० च्या थोडं वर.

पेट्रोलचा स्क्रू तीन वाट्यांपेक्षा बाहेर न्यावा लागत असेल तर पायलट जेट लहान आहे. एका वाट्याच्या आत सगळ्यात छान चालत असेल तर मोठा आहे. हवेच्या स्क्रूला हेच उलट. थ्रॉटल सोडल्यावर आवाज उतरायला रेंगाळतो, गरम गाडीलाही चोक लागतो, ही पायलट लीनची खूण. पीयूसीच्या केंद्रावर यंत्राचा आकडा बघायला विसरू नका: २००० नंतरच्या चार-स्ट्रोक दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के होती. जुन्या गाडीचा आकडा दीड ते अडीचच्या मध्ये असेल तर स्लो उत्तम लागला आहे. त्याहून स्वस्त यंत्र घरी मिळणार नाही.

सुईसाठी किल्ल्यावर जा. उरवाई दरवाज्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलवर इंजिनावर भार पडतो आणि वेगही मर्यादेत राहतो. तिथे गाडी ओढायला नाखूश असेल तर चोक किंचित ओढून पाहा. सुधारली तर लीन, बिघडली तर रिच. सुईच्या वरच्या टोकाला खाचा असतात, बहुधा पाच. क्लिप एक खाच खाली म्हणजे सुई वर, म्हणजे रिच. इथे बरेच जण गोंधळतात. खाचा नसलेल्या सुईला डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचं पातळ वॉशर घाला, परिणाम तोच.

पुढे ऋतूंसाठी मेन जेट बदलू नका. डिसेंबरात मिक्सचर स्क्रू पाव ते अर्धा वाटा रिचकडे, होळीनंतर परत. दोन-स्ट्रोक यामाहा, येझदी असेल तर थंडीत मेनही तपासा, कारण लीन दोन-स्ट्रोक पिस्टन धरतो आणि तो धरतो पूर्ण थ्रॉटलवर.

मे महिन्याची एक तक्रार मात्र जेटची नाही. उन्हात उभी गाडी दहा मिनिटांनी सुरूच होत नाही, पेट्रोलचा वास येतो. कटोरीतलं पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेने उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं असतं. चोक न लावता थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारा. नेहमीच होत असेल तर हेड आणि कार्ब्युरेटरच्या मधला काळा उष्णतारोधक ठोकळा जागेवर आहे का पाहा. सर्व्हिसिंगमध्ये तो कोणीतरी 'जादा' समजून काढून टाकलेला असतो.

आणि सगळं नीट लावूनही एव्हरेज येत नसेल, मधल्या थ्रॉटलवर कायम रिच असेल, तर सुई आणि ती ज्या नळीत वर-खाली होते ती नळी झिजली आहे. पन्नास-साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत हे होतंच. सुईवर नखाने जाणवेल अशी कड लागते. दोन्ही जोडीने बदला, एकटी सुई नको. त्यानंतर क्लिप पुन्हा मूळ खाचेवर आणून ट्यूनिंग करा.